जाळ्यांच्या खोलीतली हवा

करीम सोलकर सतरा वर्षं रियाधला एसी दुरुस्त करत होता. शेखांच्या बंगल्यांपासून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत किती जागा त्यानं थंड केल्या असतील, त्याला गणती नव्हती. २००५ साली ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली, आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात तो कायमचा घरी परतला. कंपनीनं जुनी माणसं कमी केली होती. घर आरे-वाऱ्याच्या रस्त्याला, मोहल्ल्याच्या टोकाला. मुलगी निदा लग्न होऊन चिपळुणात, मुलगा उमेर मुंबईला नोकरीत. घरात फक्त फरीदा, आणि फरीदानं त्याला न विचारता सुरू केलेलं एक काम.

परसात जाळ्यांची खोली होती. करीमच्या वडिलांचा मच्छवा होता तेव्हा त्यात जाळी, दोर, वल्ही ठेवत. जांभ्या चिऱ्याच्या दीड फूट जाड भिंती, वर कौलं, एक दार आणि एक हातभर खिडकी. वडील गेले, मच्छवा विकला, खोली रिकामी राहिली. ती फरीदानं झाडूनपुसून घेतली होती आणि आत दोरीला पेंढ्यानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगल्या होत्या. पिशव्यांमधून राखाडी-पांढऱ्या अळंबीचे घोसच्या घोस बाहेर आले होते. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवते ती नव्हे. ही धिंगरी, भाताच्या पेंढ्यावर वाढवायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन ती तीन दिवस शिकून आली होती. सोबत हौसा होती. हौसा वरच्या सड्यावरच्या वाडीतली, बारा वर्षं फरीदाकडे कामाला येणारी. पण या कामात दोघी बरोबरीच्या होत्या.

करीमला आधी हसू आलं, मग थोडं लागलंही. फोनवर दर आठवड्याला बोलणं व्हायचं आणि ही एवढी गोष्ट तिनं सांगितली नव्हती. फरीदा म्हणाली, जमलं नसतं तर सांगायची लाज वाटली असती, म्हणून आधी जमतंय का ते पाहिलं.

थंडीत सगळं छान चाललं. फरीदा भिंतींना ओली गोणपाटं लावायची, सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायची, पंपानं पाण्याचा बारीक फवारा मारायची. माल रत्नागिरीच्या बाजारात जायचा. जानेवारीत समुद्रकाठच्या एका नव्या हॉटेलचा मुख्य आचारी स्वतः येऊन बघून गेला. त्याला मे महिनाभर रोज सहा किलो हवी होती. पर्यटकांची गर्दी तेव्हाच असते. फरीदानं विचार करायला वेळ मागितला, कारण मे महिन्यात कोकणात धिंगरी घेणं सोपं नाही हे ती शिकून आली होती. पारा तीसच्या वर राहिला की पिशव्यांवर हिरवी बुरशी चढते आणि सगळं कुजतं. पण करीम शेजारीच उभा होता. तो आचाऱ्याला म्हणाला, "खोली थंड ठेवणं हे माझं काम. तुम्ही मे धरून चाला."

त्या एका वाक्यानं पुढचे तीन महिने त्याची झोप उडवली.

पहिला विचार अर्थातच एसीचा. पण विजेचं भारनियमन सुरू होतं, दिवसाचे सहा-सात तास वीज नसायची, आणि असायची तेव्हा दाब इतका कमी की फ्रिजसुद्धा कण्हायचा. शिवाय एसी हवेतली ओल पिऊन टाकतो आणि धिंगरीला तर ओल हवी. मग त्यानं कूलर बनवला. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना नारळाच्या सोडणाचा काथ्या, वरून पाण्याची धार, मागं पंखा. रियाधला असल्या कूलरनं त्यानं पंचेचाळीस डिग्रीतल्या गोदामात माणसांना शाली पांघरायला लावल्या होत्या. इथं फेब्रुवारीच्या दुपारी कूलर दोन तास चालला आणि खोली जेमतेम दोन डिग्रीनं उतरली. भिंतींवरून पाणी ओघळू लागलं, तेवढंच.

कारण त्याला ठाऊक होतं, फक्त पटवून घ्यायचं होतं. रियाधहून आणलेले दोन थर्मामीटर त्यानं खोलीबाहेर शेजारी शेजारी टांगले आणि एकाच्या पाऱ्याला ओली चिंधी गुंडाळली. ओला पारा जितका खाली उतरतो तितकीच पाण्याच्या जोरावर हवा थंड होऊ शकते. रियाधला दोघांत वीस डिग्रीचं अंतर असायचं. इथं समुद्राच्या कुशीत ते चार-पाचच्या वर जाईना. इथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली. तिला आणखी पाणी पाजून काय होणार? दुपारभर तो त्या दोन काचेच्या नळ्यांसमोर उभा राहायचा. कुणी बोलावलं तर "आलो" म्हणायचा आणि जायचा नाही.

मग त्याला विहीर सुचली. परसातली विहीर खोल, जांभा फोडून काढलेली, आणि तिचं पाणी भर दुपारीही सव्वीस डिग्री. त्यानं भंगारातून ट्रकचा जुना रेडिएटर आणला, सोड्यानं धुऊन घेतला आणि खोलीच्या आत एका कोपऱ्यात बसवला. विहिरीचं पाणी वीज असेल तेव्हा फणसाच्या सावलीतल्या टाकीत चढवायचं. तिथून ते आपोआप उतारानं रेडिएटरमधून वाहत माडांच्या आळ्यात जाणार. रेडिएटरमागं बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. वीज गेली तरी पाणी वाहणार, पंखा फिरणार. कौलांवर हौसानं आणि त्यानं माडाची झापं अंथरली, कौलांखाली पेंढ्याचा जाड थर देऊन माळा बांधला. आणि शेवटी त्यानं त्याच्या धंद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट केली. खोली बंद केली. चिऱ्यांमधल्या प्रत्येक फटीत सिमेंट भरलं, दाराला रबराची पट्टी लावली, खिडकीवर थर्माकोल ठोकला. थंड केलेली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, तीच तीच पुन्हा रेडिएटरमधून फिरवायची. एसीवाला हेच करतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पस्तीस असताना खोलीत अठ्ठावीस होतं. करीमनं फरीदाला हाताला धरून आत नेलं आणि पारा दाखवला. ती खूश झाली, पण तिनं लगेच खिडकीकडे बघितलं. शिकवताना सांगितलं होतं, की अळंबीला श्वास घ्यायला लागतो, दिवसातून दोन-तीनदा हवा बदला. करीम म्हणाला, दार उघडलं की एक डिग्री वर जाते आणि खाली यायला तासभर लागतो; पहाटे पाव तास उघडू, तेवढं पुरे. तिनं वाद घातला नाही. खोली थंड ठेवणं त्याचं काम होतं.

पंधरा-अठरा दिवसांत नव्या पिशव्या आतून अळंबीच्या धाग्यांनी पांढऱ्याशुभ्र झाल्या, फरीदानं प्लॅस्टिक कापलं आणि कळे आले. पण यावेळी ते निराळे होते. देठ लांबच लांब आणि वरची छत्री बटणाएवढी. "देठ लांबलेत," फरीदा म्हणाली. "हवा कमी पडते तेव्हा असं होतं."

करीमनं ऐकलं. पण त्याच्या डोक्यात अठ्ठावीसचा आकडा होता आणि महिन्यावर आलेला मे होता. दुसऱ्या जातीचं बियाणं असेल, असं काहीतरी तो म्हणाला. मग छत्र्या मोठ्या व्हाव्यात म्हणून फरीदा त्या आणखी एक-दोन दिवस ठेवू लागली. त्या उलगडून सपाट व्हायच्या, कडा वर वळायच्या, आणि सकाळी पिशव्यांवर पिठासारखी पांढरी साय बसलेली दिसायची. फरीदा जवळजवळ रोज आठ ते दहा खोलीत असायची. दार लावून, बॅटरीच्या दिव्याच्या उजेडात ती तोडणी करायची. हौसाचं काम बाहेर, पेंढा कापणं, भिजवणं, उकळत्या पाण्यातून काढणं.

खोकला नेमका कधी सुरू झाला ते करीमला सांगता आलं नसतं. एके दिवशी दुपारच्या चहाला फरीदा चादर गुंडाळून बसली होती, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना. अंग कसकसतंय म्हणाली. संध्याकाळी ताप, कोरडा खोकला, छाती भरल्यासारखी. सकाळी काहीच नाही. उठून खोलीत गेली. दुपारी पुन्हा तेच. आठवड्यात ती विहिरीपासून पडवीपर्यंतच्या चार पायऱ्या चढून थांबू लागली.

गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या आणि ताप तसाच. मग त्यांनी रत्नागिरीला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रोज संध्याकाळचा ताप, खोकला, उतरत चाललेलं वजन. कुणी शब्द उच्चारला नाही, पण एसटीत दोघं शेजारी बसून तोच शब्द मनात घोळवत होते. मोहल्ल्यात टीबीचं नाव निघालं की निदाच्या सासरपर्यंत ते कसं पोचेल, हे फरीदाला दिसत होतं. करीमला वेगळंच दिसत होतं. सतरा वर्षांत त्यानं या बाईबरोबर सगळे मिळून जेमतेम दोन वर्षं काढली असतील, आणि आता कुठं तो घरी आला होता.

तीन सकाळची थुंकी तपासायला दिली. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर हलकं धुकं होतं. तपासणीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण डॉक्टरांनी तो विचार सोडलाही नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा या, म्हणाले. ते पंधरा दिवस म्हणजे करीमसाठी दोन पाऱ्यांवर लक्ष ठेवणं होतं. एक खोलीतला आणि एक फरीदाच्या काखेतला. पहिल्या तापापासून दोन्ही तो एकाच वहीत लिहायचा. पहिला अठ्ठावीसवर स्थिर. दुसरा सकाळी सत्त्याण्णव, संध्याकाळी एकशे दोन.

एप्रिलच्या शेवटी निदाचा चिपळूणहून फोन आला. तिच्या तान्ह्या मुलाचं अकिकं, जावळ काढायचा समारंभ होता, अम्मीनं यायलाच हवं. फरीदा कचरली, बाळाच्या जवळ जायचं की नाही हे तिला कळेना. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जंतू मिळालेले नाहीत, जा, पण बाळाला तोंडाशी धरू नका. ती गेली, आणि आठ दिवस राहिली.

रोज दुपारी करीम चिपळूणला फोन करायचा. पहिल्या दिवशी ताप थोडा. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी फरीदा म्हणाली, चिपळुणात आगीसारखं तापतंय, पण मला बरं वाटतंय. पाचव्या दिवशी ती जिना चढून गच्चीवर वाळवण घालून आली होती. करीमनं फोन ठेवला आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून बघितली. त्या गोळ्या तर कधीच संपल्या होत्या. मग ती बरी कशानं झाली?

या आठ दिवसांत तोडणी तोच करत होता. त्यालाही घसा खवखवायचा, पण ते त्यानं धुळीवर टाकलं. सातव्या दिवशी सकाळी झापं सरकून एक कौल हललं असावं. माळ्याच्या फटीतून उन्हाची एक बोटभर तिरीप खोलीत उतरली होती. त्या तिरिपेत त्याला धूर दिसला. उदबत्तीच्या धुरासारखा, पांढरा, अखंड. तो जळकं काही आहे का म्हणून वास घेत राहिला. मग त्यानं पाहिलं, की धूर सपाट उलगडलेल्या छत्र्यांच्या खालून झरतोय. पंखा तो ओढत होता, रेडिएटरमधून फिरवत होता आणि पुन्हा खोलीत सोडत होता. त्यानं बॅटरी मारली. रेडिएटरच्या जाळीवर साबणाच्या चुऱ्यासारखा थर बसला होता.

तो बाहेर येऊन विहिरीच्या कठड्यावर बसला. हौसा पेंढा कापत होती. तिनं कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "करीमभाय, एक बोलू काय? भाभी खोलीतून भायर येतात तवा सकाळी बऱ्या असतात. तोडणी नसली त्या दिवशी दुपारीपन बऱ्या असतात. शुक्रवारी ताप नाय. मी मोजलंय."

शुक्रवारी जुम्म्याच्या स्वयंपाकात फरीदा तोडणी करत नसे. करीमनं वही आणून शुक्रवार शोधले. चार शुक्रवार होते. चारही संध्याकाळी सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फरीदा चिपळूणहून परत आली ती गालांवर रंग घेऊन. त्यानंतरच्या सकाळी करीम नळावर असताना ती सवयीनं खोलीत शिरली. दीड तास आत होती. करीमला कळलं तेव्हा दहा वाजले होते. धुराचं आणि शुक्रवारांचं त्यानं तिला सांगितलं नाही. बोलावं तर आपलाच अंदाज खरा ठरेल अशी त्याला भीती होती, आणि ठरला नाही तर पुन्हा तो दुसरा शब्द. दिवसभर तो तिच्या आसपास फिरत राहिला. दोन वाजता ती बरी होती. तीन वाजता बरी होती. साडेतीनला तिनं पंखा बंद करायला सांगितलं आणि चादर मागितली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रत्नागिरीत डॉक्टरांसमोर बसले. यावेळी करीमनं सगळं सांगितलं. खोली, रेडिएटर, सिमेंट, धूर, शुक्रवार. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. कबुतरं पाळणाऱ्यांना, सडका चारा हाताळणाऱ्यांना असं होतं हे त्यांनी वाचलं होतं; अळंबीचा रुग्ण त्यांच्यासमोर पहिल्यांदाच येत होता. त्या बारीक बीजकणांना फरीदाचं शरीर शत्रू समजत होतं. टीबी नव्हता, संसर्गही नव्हता. फरीदानं डोळे मिटून श्वास सोडला. पण डॉक्टरांचं संपलं नव्हतं.

"आत्ता थांबलात तर फुप्फुसं पुष्कळशी भरून येतील," ते म्हणाले. "असंच चालू ठेवलंत तर ती कडक होतील आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्ही त्या खोलीत पुन्हा जायचं नाही, बाई. तोडणीच्या वेळी तर नाहीच."

एसटी स्टँडवर फरीदा बाकावर बसली. करीमनं सांगितलं की तो आजच खोली बंद करतो, हॉटेलला कळवतो, सगळं थांबवू.

"माझ्या कामाचं काय करायचं ते तुम्ही ठरवू नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी खिडकी उघडत होते तोवर मला काही झालं नव्हतं."

करीम तिच्या शेजारी बसला. तो म्हणाला, "देठ लांबलेत, तू म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं."

"ठाऊक आहे."

"मला वाटलं, हवा आत राहिली पाहिजे. मी आयुष्यभर तेच केलं."

"ते तिथं," ती म्हणाली. "तिथं खोलीत माणसं झोपतात. इथं जे वाढतं ते आपल्यासारखाच श्वास टाकतं. तो जायला वाट नको?"

त्या दिवशी घरी पोचल्यावर करीमनं पहार काढली. खालच्या बाजूचे, उत्तरेकडचे दोन चिरे फोडून बाहेर काढले. एवढ्या मेहनतीनं भरलेलं सिमेंट छिन्नीनं उकरलं. आढ्याजवळची चार कौलं काढून तिथं जाळी लावली. रेडिएटर उचलून नव्या भोकाच्या तोंडाशी आणला. आता बाहेरची हवा त्याच्यातून गार होऊन आत येणार आणि तापली की आढ्यातून निघून जाणार होती. तीच हवा पुन्हा फिरणार नव्हती. तो काम करत असताना पारा चढत होता. एकोणतीस, साडेएकोणतीस, तीस. चौथ्या दिवशी दुपारी एकतीस. आतल्या निम्म्या पिशव्यांवर हिरवे डाग उमटले, आणि हौसानं त्या एकेक करून उतरवून परसाच्या टोकाला खड्ड्यात पुरल्या. फरीदा पडवीतून मोजत होती. करीमला पडणाऱ्या प्रत्येक पिशवीचा आवाज ऐकू येत होता.

हॉटेलला फोन फरीदानंच केला. करीम करतो म्हणत होता, तिनं करू दिला नाही. तिनं आचाऱ्याला सांगितलं की यापुढं रोज सहा जमणार नाही, दोन जमेल, तेही कोवळी. मोठ्या छत्रीची मागायची नाही. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. ती "हो," "कळतंय," एवढंच म्हणत होती. मग तिनं फोन ठेवला आणि सांगितलं, की तो चिडलाय, पण दोन घेणार आहे. उरलेली तो पुण्याहून मागवेल आणि पुढच्या वर्षी कदाचित आपल्याला विचारणार नाही.

तोडणीची पद्धत बदलली. छत्रीची कडा आत वळलेली असतानाच ती काढायची. कडा सरळ झाली की बीज झडायला लागतं. आत शिरण्यापूर्वी पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे हवेतलं खाली बसतं. करीमनं गाड्यांना रंग मारणारे लावतात तसले दोन मास्क आणले, एक स्वतःला आणि एक हौसाला. दोघं आलटूनपालटून आत जायचे, अर्ध्या तासाच्या वर नाही. हौसाचा ताप करीम रोज संध्याकाळी मोजायचा. ती कंटाळायची, पण हात पुढं करून थर्मामीटर घ्यायची.

अडचण वेगळीच निघाली. कोणता घोस आज काढायचा आणि कोणता उद्यावर ठेवायचा, हे करीमला कळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं काढलेल्यात निम्मी कच्ची होती आणि दोन घोस उलगडून गेलेले. फरीदाचा डोळा शेकडो घोस काढून तयार झालेला होता. तिला आतून ओरडून विचारावं तर मास्कमधून शब्द बाहेर येईनात. दार उघडं ठेवलं तर ती दाराशी येऊन उभी राहायची, आणि करीम हातातलं टाकून तिला मागं हो म्हणून खुणावायचा. एकदा ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून बसली होती, नकळत. त्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं, जरा जोरातच. संध्याकाळी त्यानं तिचा ताप चार वेळा पाहिला. नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात करीम रत्नागिरीहून दोन काचा घेऊन आला. उत्तरेच्या भिंतीत, जिथं ऊन कधीच पडत नाही, तिथं त्यानं छातीच्या उंचीवर चौकट बसवली आणि दोन्ही काचा बोटभर अंतर ठेवून त्यात घट्ट बसवल्या, कडा पुट्टीनं लिंपल्या. हौसा म्हणाली, एवढी भिंत फोडून एवढीशी खिडकी, आणि तीपण उघडत नाय. करीम म्हणाला, ती उघडायची नाहीच.

डॉक्टरांनी जूनअखेर पुन्हा एक्स-रे काढला. धुकं विरळ झालं होतं, पूर्ण गेलं नव्हतं. चढ चढताना अजून थोडा दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, तो कदाचित राहीलही, सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवत जा. करीमनं नवी वही सुरू केली. त्यात आता खोलीचा पारा नव्हता.

पावसात बाहेरची हवा आपोआप उतरली आणि रेडिएटरचं पाणी बंद करता आलं. नव्या पिशव्यांना कळे धरले ती सकाळ पावसाची होती. त्या काचेबाहेर, कौलांच्या वळचणीखाली फरीदा स्टुलावर बसली, डोक्यावरून ओढणी, नाक काचेला जवळजवळ टेकलेलं. आत करीम मास्क लावून, दिवा हातात धरून पिशव्यांच्या रांगेत उभा होता. तो एका घोसावर उजेड टाकायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती मान हलवायची, नाही. तो पुढं सरकायचा. तिसऱ्या पिशवीवरच्या मोठ्या घोसाजवळ त्यानं हात नेला, तशी तिनं काचेवर बोट आपटलं आणि त्याच्या खालच्या, लहान, कडा अजून आत वळलेल्या घोसाकडे दाखवलं.

करीमनं वाकून तो हळूच पिळून काढला, फवाऱ्यानं ओल्या केलेल्या टोपलीत ठेवला आणि पुढच्यासाठी पुन्हा काचेकडे पाहिलं.